तबकडीची मालकी

दिवाळीच्या आधी घराची झाडलोट निघाली की आमच्याकडे एक वाद दरवर्षी न चुकता होतो. पलंगाखालची खोकी बाहेर ओढली जातात, त्यांतल्या जुन्या तबकड्या गॅलरीत मांडल्या जातात, आणि आमचे कुटुंब कमरेला पदर खोचून विचारते, "ह्या थाळ्या वाजवायच्या तरी, नाहीतर देऊन तरी टाकायच्या. नुसत्या राखण करायला आपण काय देवळातले पुजारी आहोत?" गिरगावातल्या चाळीत दोन खोल्यांचा संसार. दहा इंची तबकडीचे वजन अदमासे दोनशे ग्रॅम. माझ्याजवळ सातशेच्या वर आहेत. म्हणजे जवळजवळ दीड क्विंटल ऐवज आम्ही पलंगाखाली घेऊन झोपतो. तेव्हा तिच्या तक्रारीत तथ्य आहे. पण मला बोचतो तो जागेचा मुद्दा नव्हे. "वाजवायच्या तरी" हे दोन शब्द बोचतात, कारण त्यांचे उत्तर मला अजून देता आलेले नाही.

ज्यांनी ही वस्तू हातात घेतलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणारी जुनी तबकडी लाखेची असते. पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर एक बारीकसा किडा राळ सोडतो, ती ही लाख. तिच्यात दगडाची पूड, काजळी आणि सुताचे तंतू मिसळून, तापवून, साच्यात दाबून ही थाळी होते. यातली दगडाची पूड नुसती भर म्हणून घातलेली नव्हती. पोलादी सुई खोबणीत शिरली की त्या पुडीने तिचे टोक घासले जाऊन खोबणीच्या मापाचे व्हावे, अशी ती योजना होती. म्हणून दर बाजूला नवी सुई लावायची असा दंडक असे. आमचे वडील तो कडकपणे पाळीत. वापरलेली सुई परत लावताना धरले तर धाकट्याला थप्पड आणि थोरल्याला व्याख्यान. कारण टोक झिजले की हिशेब उलटतो. आधी तबकडी सुईला खाते, मग सुई तबकडीला खाऊ लागते. त्यात कर्ण्याच्या यंत्राच्या त्या जाडजूड ध्वनिपेटीचा भार शंभर ग्रॅमहून अधिक. आजच्या विजेच्या यंत्रावर तो दोन-चार ग्रॅमांवर आला आहे, तरी झीज काही शून्यावर आलेली नाही.

म्हणजे वस्तू अशी की ती ऐकणे म्हणजेच तिला थोडे संपवणे. पुस्तक वाचल्याने अक्षरे पुसट होत नाहीत. देवघरातली समई लावली की तेल जळते, पण समई राहते. इथे मात्र तेलही तेच आणि समईही तीच.

ह्या पेचातून सुटायला एक सरळ मार्ग दिसतो, तो म्हणजे एकदा वाजवायची, तेवढ्यात आवाज संगणकात उतरवून घ्यायचा आणि मूळ तबकडी कायमची गुंडाळून ठेवायची. मीही बरीच वर्षे हेच धोरण मानीत होतो. मुंबईत १९९० साली जुन्या तबकड्यांच्या संग्राहकांची एक संस्था निघाली. सुरेश चांदवणकरांसारख्या, विज्ञानाच्या क्षेत्रात नोकरी करणाऱ्या माणसाने तिच्यासाठी वर्षानुवर्षे खपून नोंदी केल्या, माणसे जोडली, अंक काढले. त्या मंडळींचे उपकार मोठे आहेत. कारण ज्या धातूच्या मूळ साच्यांवरून तबकड्या निघाल्या, ते साचे पुष्कळदा वितळवले गेले. मग त्या गाण्याचा पुरावा म्हणून उरते ती कुणाच्या तरी माळ्यावरची, चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवरची, नाहीतर कुणाच्या पलंगाखालची प्रत. अशी प्रत ज्याच्या हाती आहे तो त्या आवाजाचा मालक की राखणदार?

कायद्याचे उत्तर सोपे आहे. आपल्याकडे ध्वनिमुद्रिकेवरचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षे टिकतो. त्यानंतर तो आवाज सगळ्यांचा. पण ती काळी थाळी मात्र ज्याने पैसे मोजले त्याचीच. आवाज सर्वांचा आणि खोबण माझी, अशी ही वाटणी आहे. विहीर गावाची आणि पोहरा एकाचा, असेच म्हणा ना.

हा पेच फक्त आपला नाही. इंग्लंडच्या उत्तरेला विगन नावाचे कोळशाच्या खाणींचे आणि सूतगिरण्यांचे गाव आहे. तिथल्या एका जुन्या नाचघरात १९७३ पासून १९८१ पर्यंत कामगारांची पोरे रात्र-रात्र जमत. ती नाचत अमेरिकेतल्या काळ्या गायकांच्या 'सोल' संगीतावर, आणि तेही गाजलेल्या नव्हे, तर दहा वर्षांपूर्वी पडलेल्या, कुणी न विचारलेल्या तबकड्यांवर. 'सोल' म्हणजे आत्मा. चर्चमधल्या भजनांचा सूर बाजारातल्या गाण्यात उतरला, तेव्हा त्याला हे नाव पडले. त्या पडेल तबकड्यांत कुणाला काय सापडेल याचा नेम नव्हता, म्हणून तबकडी वाजवणारे गृहस्थ एक युक्ती करीत. तबकडीवरचे लेबल कागदाने झाकून टाकीत आणि गायकाचे भलतेच नाव सांगत. हेतू हा की दुसऱ्या कुणाला ती शोधून आणता येऊ नये. गाणे सगळ्यांना ऐकवायचे पण कुणाचे ते कळू द्यायचे नाही! फ्रँक विल्सन नावाच्या गायकाची १९६५ सालची एक तबकडी कंपनीने बाजारात आणण्याआधीच रद्द केली. हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या प्रती वाचल्या. त्यांतली एक २००९ साली पंचवीस हजार पौंडांहून अधिक किमतीला गेली. इतके पैसे देऊन घेतलेली तबकडी वाजवण्याचे धाडस कोण करील?

विगनचे ते नाचघर १९८१ च्या डिसेंबरात बंद झाले आणि १९८२ च्या जानेवारीत आमच्या गिरणगावात संप सुरू झाला, ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण सूत आणि गाणे यांचे काहीतरी साटेलोटे असावे असे मला उगाच वाटते. लालबाग-परळच्या चाळींतही रात्र-रात्र भजने चालत, नमन चाले, गणपतीत मेळे उभे राहत. मुंबई तर तबकड्यांची शहराण होती. वडाळ्याला 'यंग इंडिया' छापाच्या तबकड्या काढणारा देशी कारखाना होता. त्यामुळे बडे गवई सोडून साध्या माणसांचेही आवाज लाखेत उतरले. लेबलावर त्यांची नावे आली नाहीत एवढेच.

नावाचा हा मामला मोठा चमत्कारिक आहे. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजानचे गाणे मुद्रित झाले, तेव्हाच्या तबकड्यांत गाणे संपता संपता बाई स्वतःचे नाव इंग्रजीत मोठ्याने सांगताना ऐकू येते. आपल्याला तो ठसका वाटतो. खरे कारण रोकडे होते. तबकड्या छापायच्या जर्मनीत हानोव्हरला, आणि तिथल्या कामगारांना कोणता साचा कुणाचा हे कळायला हवे! पुढे १९४९ साली 'महल' चित्रपटाची तबकडी निघाली, तिच्यावर गायिका म्हणून पडद्यावरच्या पात्राचे, कामिनीचे, नाव छापले होते. गाणाऱ्या होत्या लता मंगेशकर. लोकांनी विचारणा केली म्हणून त्यांचे नाव पुढे आले. तिकडे अमेरिकेत मोटाउन कंपनीच्या शेकडो गाण्यांत ज्यांनी साथ केली, त्या वादकांची नावे वेष्टनावर यायला १९७१ साल उजाडावे लागले. ज्यांच्यासाठी कुणी विचारणा केली नाही त्यांचे काय झाले असेल, ते सांगायला नको.

ह्या विचाराला एका माणसाने माझ्या घरी येऊन तोंड फोडले.

दहा-एक वर्षे झाली असतील. चोरबाजारातल्या एका ढिगातून मी चाळीस रुपयांना एक अशी पाच तबकड्या आणल्या होत्या. त्यांत एका बाईंचे भजन होते. बाईंचे नावही आज कुणाला ठाऊक नसेल. मागे तीन-चार बायका ध्रुपद धरतात. माझ्या नोंदवहीत मी लिहिले होते : "गायन सामान्य. शेवटी साथीतील एक स्वर उशिरा थांबतो. दोष." आमच्या शाळेतल्या एका जुन्या विद्यार्थ्याशी बोलताना ह्या भजनाचा उल्लेख निघाला आणि पंधरा दिवसांनी तो लालबागच्या आपल्या एका शेजाऱ्याला घेऊन दारात उभा राहिला. ऐंशीच्या घरातले गृहस्थ. आयुष्य गिरणीत साच्यावर काढलेले, संपानंतर वाताहत झालेले. पांढरा लेंगा-सदरा, हातात पिशवी. जिने चढून दमले होते. पाणी पिऊन म्हणाले, "मास्तर, त्या गाण्यात पाठीमागं माझी आय हाय."

त्यांची आई गिरणीत वाइंडिंग खात्यात होती आणि चाळीतल्या भजनात गायची. एकदा चौघी-पाचजणींना मोटारीत बसवून कुठेतरी गाण्यासाठी नेले होते, चहा आणि दोन रुपये दिले होते, ही घरात सांगितली जाणारी कथा. हे सहा वर्षांचे असताना आई गेली. फोटो नाही. चेहरा आठवत नाही. वडिलांनी भजनाचे शब्द तेवढे सांगून ठेवले होते, त्यावरून ओळख पटली.

मी किल्ली दिली, नवी सुई लावली, तबकडी ठेवली. सव्वातीन मिनिटे झाली. ते काही बोलले नाहीत. म्हणाले, "परत लावता?" परत लावली. तिसऱ्यांदा लावली तेव्हा त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "ह्यातली आय कोणती, काय कळत नाय हो."

वाचकहो, त्या क्षणी मला काय वाटले ते लिहिणे मला जमणार नाही. सत्तर-पंचाहत्तर वर्षे ज्या आवाजाची वाट पाहिली तो समोर आहे आणि ओळखू येत नाही! मी काहीतरी बोलायचे म्हणून तबकडीवरची धूळ पुसत म्हणालो, "शेवटी बघा, एक बाई जरा मागून थांबतात. बाकीच्या थांबल्यावर." ते एकदम सावरून बसले. "पुन्यांदा लावा." लावली. शेवट आला, बाकीचे आवाज मिटले आणि तो एक स्वर एवढासा, अर्धा श्वास, मागे राहून विझला. म्हातारा हसला. "तीच. बाबा म्हणायचे, तुझ्या आयचं सगळंच उशिरा. भोंगा झाला तरी ही वेणीच घालते."

हा पुरावा न्यायालयात टिकणार नाही हे मलाही कळते. पण त्या घरापुरता निकाल लागला होता.

मग मी माझ्या धोरणाप्रमाणे वागलो. भाच्याकडून तबकडी संगणकात उतरवून घेतली. त्याने हौसेने खरखर काढली, कानाला गोड लागेल अशी साफसूफ केली आणि आम्ही ते गाणे त्यांच्या नातवाच्या फोनवर पाठवले. चार दिवसांनी फोन. "मास्तर, गाणं छान आलंय. पण आय नाय त्यात." तपास करता कळले की गाणे संपल्यावर उरते ती निव्वळ खरखर, अशा समजुतीने भाच्याने शेवटचे टोक कापून टाकले होते. त्यात काही त्याचा दुष्टावा नव्हता. माझ्या वहीतला 'दोष' हा शब्द त्याने कृतीत आणला होता, इतकेच. आम्ही पुन्हा न कापता, न धुता उतरवून दिले.

नक्कल मूळची जागा घेते असे जे म्हणतात त्यांना मी ही हकीकत सांगतो. नक्कल करणारा काय राखायचे हे आधीच ठरवून बसलेला असतो. मूळ वस्तू बिचारी काही ठरवीत नाही. तिच्यात सगळेच पडून राहते, नावे नसलेलेही.

पण ह्याने उलट बाजूही सिद्ध होत नाही, कारण गोष्ट इथे संपत नाही. पुढच्या खेपेला ते एकटे आले आणि जरा संकोचून म्हणाले, "मास्तर, ती थाळी काय घेणार तुम्ही?" मी नाही म्हणालो. कारणे होती. त्यांच्याकडे वाजवायला यंत्र नव्हते. चाळ पाडून टॉवर व्हायचा होता, सामान संक्रमण शिबिरात न्यायचे होते. लाखेची तबकडी काचेसारखी फुटते. सारी कारणे खरी होती. तरी सांगतो, त्यांच्या तळाशी आणखी एक होते : त्यांच्या मागणीमुळे चाळीस रुपयांची तबकडी माझ्या लेखी एकाएकी मोलाची झाली होती. विगनच्या त्या लेबल झाकणाऱ्यांना मी हसलो खरा, पण मी निराळे काय केले?

ते रागावले नाहीत. म्हणाले, "बरं. ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं. पण नुसती ठेवू नका. वरसातनं एकदा तरी लावा. पाडव्याला लावा."

"अहो, लावली की झिजते," मी म्हणालो.

"मग? माणूस बोलून झिजत नाय?"

तांत्रिक दृष्टीने ह्याला उत्तर आहे. किंबहुना त्यांना ठाऊक नसलेली एक वाईट बाब मला ठाऊक होती. एका बाजूला सुई शंभराहून अधिक मीटर चालते. बाहेरच्या कडेला एका फेऱ्यात जेवढी खोबण असते, त्याच्या निम्म्याहूनही कमी लेबलाजवळ असते. तेवढ्याच काळाचा आवाज दाटीवाटीने कोंबलेला. शिवाय तिथे पोचेपर्यंत पोलादी सुई झिजून बोथट झालेली. म्हणून तबकडी आधी बिघडते ती शेवटाला. आणि ती माउली तर अगदी शेवटच्या वळणावर उभी आहे. पाडव्याच्या दर खेपेला सगळ्यांत आधी झिजते ती तीच.

हे मी त्यांना सांगितले नाही. सांगायला हवे होते की नको, हाही एक प्रश्न आहे. सांगितले असते तर त्यांनी वाजवू नका म्हटले असते, आणि मग ती थाळी माझ्या पलंगाखाली सुखरूप, मुकी पडली असती.

अल्लादिया खाँसाहेबांनी आयुष्याची अखेर मुंबईत काढली, १९४६ साली इथेच देह ठेवला. त्यांची एकही तबकडी नाही. विद्या चोरीला जाईल म्हणून ते मुद्रण टाळीत, असे सांगतात. भास्करबुवा बखल्यांचाही आवाज आपल्याला मिळत नाही. त्यांचे गाणे झिजण्याचा प्रश्नच नाही. ते शिष्यांच्या गळ्यांत गेले. खाँसाहेबांच्याच शिष्या सूरश्री केसरबाई केरकर. त्यांची भैरवी १९७७ साली अमेरिकेच्या दोन व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीत बसून गेली. ती मिळवताना गंमत झाली. ध्वनिमुद्रिका बाजारातून नाहीशी झालेली. शेवटी न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, टेबलाखालच्या धुळकट खोक्यात तिच्या तीन प्रती सापडल्या. पलंगाखाली नाही, टेबलाखाली, एवढाच काय तो फरक! त्यांतली एक व्हॉयेजर आता सूर्याच्या प्रभावाबाहेर, ताऱ्यांमधल्या पोकळीत गेली आहे. २०१२ सालीच तिने ती वेस ओलांडली. तिथे धूळ जवळजवळ नाही, झीज जवळजवळ नाही. गुरूने घरातल्या कर्ण्यालाही दिला नाही तो आवाज शिष्येने ताऱ्यांच्या स्वाधीन केला.

पण त्या तबकडीसोबत पाठवणाऱ्यांनी एक वस्तू न विसरता ठेवली आहे. तबकडीबरोबर सुई दिली आहे. वाजवायची कशी त्याची आकृती वेष्टनावर कोरली आहे. इतक्या दूरवर, हजारो वर्षे टिकावी अशी केलेली वस्तू, तीही कुणीतरी सुई टेकवावी ह्याच भरवशावर सोडलेली. मी हे वाचले तेव्हा मला लालबागचे ते गृहस्थ आठवले.

ते चार पाडवे आले. येताना करंज्या आणीत. आमच्या घरच्या चकलीला बरे म्हणत नसत. पाचव्या पाडव्याला नातू एकटा आला, तेव्हा मी काही विचारले नाही. त्याने गाणे उभ्या-उभ्या ऐकले, शेवटी हात वर करून मला थांबवले, कारण मी सवयीने सुई उचलायला निघालो होतो.

त्या नातवाला तबकडी देऊन टाकावी असे आमच्या कुटुंबाचे मत आहे. त्याच्या टॉवरमधल्या जागेत कपाट आहे, आणि त्याने एक विजेचे यंत्रही घेतले आहे. माझ्या बाजूची सारी कारणे एकेक करून निकालात निघाली आहेत, आणि तरी हात उचलत नाही. काल खोके उघडून पाहिले. वहीतला 'दोष' हा शब्द मी पूर्वीच खोडला आहे. त्या जागी काय लिहावे ते सुचत नाही म्हणून ती ओळ तशीच आहे. उजेडात तिरपी धरली तर लेबलालगतची खोबण करडी दिसू लागली आहे. सुयांची डबी हलवून पाहिली, बारा-तेरा उरल्या असाव्यात. पाडव्याला सकाळी नऊ वाजता येतो म्हणाला आहे. करंज्या आणू नकोस, आम्ही केल्या आहेत, असे त्याला कळवले आहे.